खिळा

चादर आधी माझीच होती.
लग्नातली, कडेला लाल टाक्यांचे हरिण.
ज्युंबेरनं ती ताणून चार ठिकाणी ठोकली,
तरी सिनेमातल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला
घडी पडायची.
खिडकी उघडी राहिली की आख्खं शहर
पोट धरून हसायला लागायचं.

झ्वियादनं पोलंडहून एवढा प्रोजेक्टर पाठवला,
आणि आपण हे असं बघतोय, म्हणाला.
भिंतच रंगवतो.

मला वाटलं, भिंत म्हणजे दोन तासांचं काम.
आधी कपाट सरकलं. त्यामागं जुना हिरवा रंग,
नवराबायकोच्या एकाही भांडणाचा धूर न लागलेला.
मग पुट्टी. मग पॉलिश पेपर.
पावात, मिठात, माझ्या भुवयांत पांढरं पीठ.
रात्री बॅटरी भिंतीला टेकवून
आडव्या उजेडात उंचवटे शोधायचा,
घेवड्यातले खडे शोधावेत तसा,
आणि सापडला की आनंदानं शिवी द्यायचा.

पांढरा नको, म्हणाला,
पांढऱ्यावर रात्र नीट पडत नाही.
राखाडी हवा.
दुकानदारानं सात राखाडी दाखवले.
सातही नापास.

चियातुरात काळ्याला काय तोटा?
नदी काळी, दोऱ्यावर वाळणारे मोजे काळे,
त्याच्या भावाच्या बोटांच्या पेरांत अजून मँगनीज,
खाण सोडून बारा वर्षं झाली तरी.
डबीभर भुकटी आणली,
माझ्या पनीरच्या फडक्यातून गाळली
(ते फडकं गेलंच),
दोन चमचे बादलीत.
ढवळलं. थांबला. अजून अर्धा.

रोलर वरून खाली. मधे थांबायचं नाही.
शेजारची त्सियाला दार वाजवून गेली,
फोन वाजला, मला शिंक आली,
तो थांबला नाही.

फक्त एका जागी थांबला.
मधोमध, जरासा डावीकडं, एक खिळा.
त्यावर किल्ली, तेरा नंबरच्या पाळण्याची.
एकतीस वर्षं त्यानं दरीवरून माणसं नेली:
पहाटपाळीची झोपलेली, रातपाळीची काळी,
एकदा बूट हातात धरलेली नवरी,
एकदा डुक्कर, तिकीट काढून.
नंतर काचेचा रोपवे आला.
किल्ली मागायला कुणी आलं नाही.

ती त्यानं माझ्या शिवणाच्या डब्यात टाकली.
खिळा उपट ना, मी म्हटलं.
पक्कड लावली. सोडली.
"ओढला तर पोपडा येईल."
पुट्टी अर्धा डबा शिल्लक होती.
मी डब्याकडं पाहिलं, त्यानंही पाहिलं,
आणि खिळ्यावरूनच रंगाचे दोन हात फिरवले.

कडेला काळ्या मखमलीची पट्टी, नणंदेच्या जुन्या पडद्याची.
वरच्या मजल्यावरची नुत्सा खुर्ची घेऊन आली,
मग तिचे भाऊ, मग त्सियाला, रागावलेली, अक्रोड घेऊन.
आणि वीज गेली.
पाऊण तास आम्ही सगळे
एका राखाडी भिंतीसमोर नीट रांगेत बसलो.
कुणी उठलं नाही. अक्रोड संपले.

आता प्रत्येक सिनेमात तीळ असतो.
नायकाच्या गालावर, घोड्याच्या पोटावर,
समुद्र आला की न बुडणारी होडी.
"आला, आला," नुत्सा ओरडते,
खुनी कोण हे तिला कधीच कळत नाही.
पोपडा येईल म्हणून ठेवला, ज्युंबेर सांगतो,
कुणी विचारलं नसलं तरी.

परवाच्या सिनेमात बर्फ होता.
दोन डोंगर, मधे सगळं पांढरं,
माणूस नाही, आवाज नाही,
आणि त्या पांढऱ्यात अधांतरी तो ठिपका.
ज्युंबेरचा डावा हात मांडीवरून उठला,
हवेतला दांडा हळूच मागं ओढला,
दहा मीटर आधीपासून ओढायचा असतो तसा,
म्हणजे आतल्यांना धक्का बसत नाही.

मी बटण शिवत होते.
धाग्यासाठी डब्यात हात घातला
तर बोटाला किल्ली लागली, गार.
पुढं काय झालं त्या सिनेमात,
ते त्सियालाला विचारा.